कोंडाबाईचं तोंड आणि दौलतरावांचा राग

एका जंगलात, आपल्याकडे नव्हे हां, एका लांबच्या जंगलात, कुणी कुणाला उगाच मारायचं नाही असा कायदा होता.

मांडी घालून बसा. नाकातलं बोट काढ रे. आता ऐका.

त्या जंगलातून एक नदी वाहायची. उन्हाळ्यात ती आटायची आणि एक डोह तेवढा उरायचा. बाकी सगळे गोटे. त्या गोट्यांत कोंडाबाई नावाची टिटवी अंडी घालायची. टिटवी घरटं बांधत नाही. चार गोटे इकडं सारते, चार तिकडं सारते, मधे अंडी. अंडीही दिसायला गोट्यांसारखीच. त्यामुळं लपतात चांगली आणि त्यामुळंच पायाखालीही येतात चांगली.

म्हणून तिथं एक जुनी रीत होती. कुणी डोहावर पाण्याला निघालं की टिटवीनं ओरडायचं. टिटवी ओरडली की पाऊल असेल तिथं थांबवायचं आणि चार हात वळसा घालून जायचं. बारा मणांचे गवेसुद्धा वळसा घालायचे. टिटवीला ना शिंगं, ना काटे, ना सुळे. तिचं कुंपण म्हणजे तिचं तोंड.

आता ते तोंड जरा जास्तच चालायचं, ही गोष्ट खरी. कोंडाबाई नुसती ओरडायची नाही, नावानिशी ओरडायची.

"ए भिकू, एवढे लांब कान दिलेत देवानं, ते काय वाळत घालायला?"

"अहो अस्वलबाई, मध खाऊन आलात का पिऊन? पाय बघा कुठं पडतोय."

भिकू ससा हसायचा. अस्वलबाई फुरफुरायची. पण दोघंही वळसा घालायचे. तोंडाळ बाईशी कसं वागायचं हे जंगलाला ठाऊक होतं. तिचं ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरातून दौलतराव आले. दौलतराव म्हणजे रानडुक्कर. मान आखूड, सुळे लांब. दौलतराव सरळ चालायचे. वळसा घालणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

पहिल्या दिवशी कोंडाबाई त्यांच्याशी नीट बोलली.

"दौलतराव, अंडी आहेत चार. जरा उजवीकडनं जाता का?"

दौलतराव थांबलेच नाहीत. त्यांच्या पायानं एक गोटा उडाला आणि अंड्यांशेजारी येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी ती विनवणीवर आली. "अहो भाऊ, बहीण समजा मला. वीस-पंचवीस दिवसांचं काम आहे. आमची पिल्लं निघाल्या निघाल्या पळतात. मग तुम्ही इथं खुशाल लोळा."

"वाट माझ्या बापाची आहे," दौलतराव म्हणाले.

"वाट नदीची आहे, भाऊ."

"मग नदीला सांग वळसा घालायला."

त्या दिवशी त्यांचा खूर अंड्यापासून बोटभर अंतरावर पडला. कोंडाबाईला रात्रभर तो खूर दिसत राहिला.

तिसऱ्या दिवशी सगळं जंगल पाण्यावर होतं. दौलतराव सरळ येताना दिसले आणि कोंडाबाईचं तोंड सुटलं.

"अहो दौलतराव, तुमच्या आईला सड दहा आणि पिल्लं अकरा. अकरावे तुम्ही. दूध मिळालं नाही ते मिळालं नाही, निदान अक्कल तरी कुणाची उष्टी चाटायची होती."

वानर फांदीवरून पडता पडता राहिला. भिकू ससा डोहात तोंड घालून हसला, त्याच्या नाकात पाणी गेलं.

वाईट बोलली. कुणाच्या आईच्या दुधावर बोलू नये. हे तिलाही शब्द बाहेर पडल्याबरोबर कळलं. पण घातलेलं अंडं आणि बोललेला शब्द परत आत घेता येत नाही.

दौलतराव थांबले. तीन दिवसांत पहिल्यांदाच थांबले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कोण कोण हसतंय ते नीट बघून घेतलं. थोरले गवेही हसले होते, मिशीतून पाणी गळेपर्यंत हसले होते. त्यांच्याकडं बघून दौलतरावांनी मान खाली घातली. मग ते कोंडाबाईकडं वळले.

एका अंड्यावर पाय दिला. दुसऱ्यावर दिला. तिसऱ्यावर दिला. कोंडाबाई मधे आली तेव्हा तिला मुस्काटानं उडवली. तिचा डावा पंख लुळा पडला. चौथं अंडं घरंगळत एका मोठ्या गोट्याखाली गेलं म्हणून वाचलं.

मग दौलतराव पाणी प्यायले आणि गेले.

पंचायत उंबराखाली बसली. थोरले गवे अध्यक्ष. कोल्हा कारभारी, तो झाडाच्या सालीवर नखानं सगळं लिहून ठेवायचा. कोंडाबाई लुळा पंख ओढत आली. तिच्या मनात धाकधूक नव्हती. कायदा आपल्या बाजूनं आहे असं तिला वाटत होतं. लहानपणी पाठ केलेल्या गोष्टींवर काही बायकांचा फार विश्वास असतो.

"कोंडाबाई," गवे म्हणाले, "तू काय बोललीस?"

"मी? अहो अध्यक्ष, माझी तीन अंडी फोडली यांनी."

"अंड्यांकडं येऊ. आधी शब्दांकडं येऊ. काय बोललीस?"

तिनं सांगितलं. दहा सड, अकरा पिल्लं, सगळं सांगितलं. जंगल पुन्हा हसलं. कोल्ह्यानं लिहिलं, 'पंचांदेखत पुन्हा चिथावणी.'

मग दौलतरावांची पाळी आली. दौलतराव रडले. एवढं मोठं जनावर रडताना बघून पुष्कळजण त्यांच्या बाजूला सरकले.

"मला काही दिसेना," ते म्हणाले. "डोळ्यांपुढं नुसतं लाल. मी कुठं आहे कळेना. पाय आपोआप चालले."

"आपोआप चालले ते बरोबर तीन अंड्यांवर कसे पडले?" कोंडाबाईनं विचारलं.

"बघा," कोल्हा म्हणाला. "अजून चालूच आहे हिचं."

"बाईच्या जातीनं जरा दमानं घ्यावं गं," अस्वलबाई म्हणाली. "आमच्यात काय कमी त्रास असतो? पण आम्ही बोलतो का?"

कोंडाबाईनं आपल्या टिटव्याकडं बघितलं. टिटवा एका पायावर उभा होता. "मी हिला नेहमी सांगतो," तो पंचांना म्हणाला.

शेवटी गवे बोलले. "मारणं वाईटच." सगळ्यांनी माना डोलावल्या. "पण," गवे म्हणाले, आणि सगळ्यांनी त्याहून जोरात माना डोलावल्या.

त्या दिवशी कायदा सुधारला. कुणी कुणाला मारायचं नाही, पण चिथावलं असेल तर मारलं असं धरायचं नाही. अन्याय होऊ नये म्हणून कोल्ह्यानं मापही ठरवून दिलं आणि ती साल उंबराला टांगली. रूपावरून बोलल्यास एक धक्का. बापावरून बोलल्यास एक लाथ. आईवरून बोलल्यास ऐपतीप्रमाणे.

दौलतरावांची ऐपत तीन अंड्यांची आणि एका पंखाची होती. म्हणजे सगळं मापात बसलं. कोंडाबाईनं तेवढी माफी मागायची राहिली होती.

तिनं मागितली. का मागितली, तर चौथं अंडं होतं. पंख लुळा, त्यामुळं लांब दुसरी जागा धरायची सोय नव्हती, आणि अंडं काही चोचीत धरून नेता येत नाही. या उन्हाळ्यात दुसरं होणार नव्हतं. तिला न्याय नको होता आता. तिला वीस दिवस हवे होते.

"चुकलं, दौलतराव," ती म्हणाली.

"असू दे," दौलतराव म्हणाले. "माझ्या मनात काही नाही."

आता भिकू सशाचं ऐका. भिकूला तो कायदा फार आवडला. जन्मभर त्याला कुणी ना कुणी काही ना काही बोलत आलं होतं. तो रोज उंबराखाली जाऊन ती साल वाचायचा. एकदा दौलतरावांनी डोहावर सगळ्यांसमोर त्याच्या आईचं नाव काढलं. तिला सगळी पिल्लं कुणाकुणापासून झाली ते मोजून दाखवलं. भिकूनं साल आठवली, डोळे मिटले आणि दौलतरावांच्या कानाला चावला.

लगेच पंचायत बसली.

"मला राग आला," भिकू म्हणाला. "आईवरून. ऐपतीप्रमाणे."

"तुला?" गव्यांनी विचारलं. "राग?"

"थरथरत होता तो, मी बघितलं," कोल्हा म्हणाला. "थरथरतो तो भ्यालेला असतो."

"रागानं थरथरत होतो."

"राग आला असता तर समोरच्याला जखम झाली असती. जखम कुठाय? जखम नाही म्हणजे राग नव्हता. राग नव्हता म्हणजे विनाकारण हल्ला."

भिकूला आठ दिवस डोहावर यायची बंदी झाली. भर उन्हाळ्यात. तो दवावर जगला कसाबसा. राग यायला सुळे लागतात हे जंगलाला तेव्हा कळलं. बाकीच्यांना जे येतं त्याला रडू म्हणतात.

त्यानंतर जंगलाची भाषा फार सुधारली. सगळे एकमेकांना अहोजाहो करायला लागले. सुळेवाल्यांना तर जास्तच. वानर फांदीवरून उतरून नमस्कार करायचा. ते बघून बिबटेसाहेबांनीही पंचायतीकडं तक्रार दिली.

बिबटेसाहेब म्हणजे बिबट्या. त्यांचं म्हणणं असं, की ते बाहेर पडले रे पडले की वानर झाडावरून खकखक करतात, भेकर भुंकतं, टिटवी किंचाळते. जणू काही आपण चोर आहोत. त्यानं मन दुखावतं. आणि एकदा मन दुखावलं की पुढं काय होईल ते आपल्या हातात नाही.

"खरं आहे," गवे म्हणाले, आणि दोन पावलं मागं सरले.

सालीवर आणखी एक ओळ आली. कुणालाही बघून कुणीही ओरडू नये. त्या ओळीनं कोंडाबाईचं कुंपण गेलं.

ती गप्प बसायला शिकली. बसणं येत होतंच, गप्पच तेवढं नवीन होतं. दौलतराव आले की मान खाली घालायची. "या दौलतराव" म्हणायची. खूर कधी वीतभर लांब पडायचा, कधी बोटभर. ती डोळे मिटून दिवस मोजायची. दहा झाले. पंधरा झाले. एकोणीस झाले. अंड्याच्या आतून टकटक ऐकू यायला लागली. आता एक दिवस, फार तर दोन.

त्या एकोणिसाव्या दिवशी दौलतराव तिच्यासमोर येऊन थांबले.

"काय गं, हल्ली बोलत नाहीस."

"काय बोलायचं, दौलतराव."

"मनात बोलतीस."

"नाही हो."

"मनात आईवरनं बोलतीस. मला कळतं."

"नाही बोलत. शपथ."

"मग तोंड असं का?"

"चोच आहे, दौलतराव. ती अशीच असते."

"उद्यापर्यंत सरळ कर," दौलतराव म्हणाले. "असल्या तोंडानं माझं डोकं फिरतं. मनातल्या बोलण्याला काय माप आहे ते कोल्ह्याला विचारून येतो."

ते विचारायला गेलेही. कोल्हा म्हणाला, मनातल्या बोलण्याचं माप अजून ठरलेलं नाही, पण ठरेल तेव्हा मागच्या तारखेपासून लागू होईल.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर दौलतराव निघाले. सरळ. कोंडाबाई अंड्यावर बसली होती. चोच सरळ करायचा तिनं खरंच प्रयत्न केला होता, खोटं कशाला सांगू. पण चोच ती चोच.

आणि तेवढ्यात तिला दौलतरावांच्या मागच्या गवतात पिवळं दिसलं. पिवळं आणि त्यावर काळे ठिपके.

वानरानंही बघितलं आणि आपल्याच हातानं आपलं तोंड दाबलं. भेकरानं बघितलं आणि सभ्यपणे दुसरीकडं मान वळवली. कोंडाबाईच्या घशाशी ओरड आली. ती काही विचार करून येत नाही. तिच्या आईला यायची, आजीला यायची, सगळ्या टिटव्यांना येते. ती आली, घशाशी अडली. खाली अंडं टकटक करत होतं. समोरून खूर येत होते.

कोंडाबाईनं चोच मिटून घेतली.

कायदा पाळला की सूड घेतला, कोण जाणे. त्या दिवशी दोन्ही एकाच कामात होत होतं.

बिबटेसाहेबांची उडी पडली. दौलतराव जबरदस्त होते म्हणून वाचले. घरंगळत डोहात गेले. मागच्या मांडीचा मोठा लचका मात्र बिबटेसाहेबांच्या तोंडात राहिला.

पंचायत बसली. दौलतरावांना बसता येईना, म्हणून ते उभेच राहिले.

"दौलतराव," गवे म्हणाले, "तुम्ही काय बोललात?"

"मी? मी काहीच बोललो नाही. मी पाण्याला चाललो होतो."

"काहीतरी बोलला असाल. उगाच कोण कशाला चावेल?"

"अहो मी मागं बघितलंही नाही. बोलणार कुणाशी?"

"तेच," बिबटेसाहेब म्हणाले. ते मिशा चाटत होते. "मागं बघितलंही नाही. माझ्याकडं शेपूट करून चालला होता. तीही वर उचललेली. माणूस किती सहन करणार?"

ते बिबटे होते, पण 'माणूस' म्हणाले. असं म्हटलं की कुणालाही दया येते. कोल्ह्यानं लिहिलं, 'शेपटीनं चिथावणी.'

"आणि एक," बिबटेसाहेब दौलतरावांना म्हणाले. "तुझ्या आईला सड दहा होते का, यावर इथं बरीच चर्चा झाली म्हणे. दहाच होते. मला माहितीय. मीच खाल्ली तिला. जरा चिवट होती."

सगळ्यांनी टांगलेल्या सालीकडं बघितलं. आईवरून, ऐपतीप्रमाणे. मग सगळ्यांनी दौलतरावांकडं बघितलं.

कोंडाबाईही बघत होती. दौलतरावांचे डोळे लाल झाले नाहीत. त्यांचे पाय आपोआप चालले नाहीत. तीन पाय शिस्तीत उभे होते, चौथा दुखरा उचललेला होता.

"साहेबांची आठवण चांगली आहे," दौलतराव म्हणाले.

रागाला डोळे नसतात, असं तुम्हाला मोठी माणसं सांगतात ना? खोटं सांगतात. राग आधी समोरच्याला खालपासून वरपर्यंत बघतो, मग यायचं की नाही ते ठरवतो.

पंचायत उठली. उठता उठता गवे कुरकुरले, "पण एवढं सगळं जंगल तिथं होतं, एकानंही ओरडू नये?"

"कुणाला वाईट वाटलं असतं, अध्यक्ष," कोंडाबाई म्हणाली आणि पंख ओढत आपल्या अंड्याकडं गेली. ती नव्हती तेवढा वेळ अंड्यावर टिटवा बसला होता, एकाच पायावर, पण बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव लंगडत गोट्यांपर्यंत आले आणि लांबच थांबले.

"कोंडाबाई."

"या दौलतराव."

"काल तो दिसला होता का गं तुला, गवतात?"

"दिसला होता."

"मग ओरडली का नाहीस?"

"तुम्ही तोंड सरळ ठेवायला सांगितलं होतं."

दौलतरावांनी आपल्या फाटक्या मांडीकडं बघितलं.

"आजपासून ओरडत जा," ते म्हणाले.

"कायद्यात बसत नाही."

"मी तक्रार करणार नाही. ओरड."

"काय ओरडू?"

"तुला येईल ते."

"मला काय येतं ते तुम्हाला माहीत आहे."

"तेच ओरड."

"आणि राग आला तुम्हाला म्हणजे?"

"गिळीन."

"गिळता येतो?"

दौलतरावांनी सुळ्यानं एक गोटा बाजूला सारला.

"येतो की," कोंडाबाई म्हणाली. "काल साहेबांपुढं पाणीसुद्धा न पिता गिळलात."

आता मात्र दौलतरावांचे डोळे लाल झाले. मान खाली गेली, सुळे पुढं आले. पाय उचलला गेला, बरोबर अंड्याच्या रोखानं. कोंडाबाईच्या पोटाखाली अंडं तडकत होतं. ती जागची हलली नाही आणि एक शब्दही बोलली नाही. तिनं फक्त दौलतरावांच्या मागच्या गवताकडं बघितलं.

गवतात काही नव्हतं. वारा होता.

दौलतरावांचा पाय हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो उजवीकडं टाकला. चार हात वळसा घालून, लंगडत लंगडत, ते पाण्याला गेले.

दुपारी पिल्लू निघालं. नुसते पाय आणि वर थोडी लव. अंग वाळायच्या आत पळायला लागलं.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी गोड बोलावं. कडू बोललं तर मार बसतो. गोड बोललं तरी बसतो, गप्प राहिलं तरी बसतो, पण मग आपणच चिथावलं होतं हे शोधून काढायला पंचायतीला जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात अंडं उबवून घ्यावं.